सेफ टू होस्ट सर्टिफिकेट आहे, तरीही दुसऱ्याचं बिल उघडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली छोटी कंपनी, किरकोळ दुकानदारांसाठी बिलिंगचं वेब अ‍ॅप्लिकेशन. दर वर्षी सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) यादीतल्या संस्थेकडून ऑडिट होतं, 'सेफ टू होस्ट', म्हणजे सर्व्हरवर ठेवायला सुरक्षित, असं सर्टिफिकेट मिळतं, स्कॅनरच्या रिपोर्टात लाल रंगाचं काही उरत नाही. पासवर्ड बीक्रिप्टने हॅश केलेले, सगळीकडे एचटीटीपीएस. आणि तरीही एका ग्राहकाने कळवलं की ब्राउझरच्या पत्त्यातला बिलाचा आकडा एकाने वाढवला की दुसऱ्याच दुकानाचं बिल उघडतं. असं आणखी काय काय निसटलं असेल आणि ते शोधायचं कसं, हे विचारलं आहे.

ऑडिट करणाऱ्याने टंगळमंगळ केली, असं लगेच धरून चालू नका. स्कॅनर काय करतो ते बघा. तो प्रत्येक फील्डमध्ये अवतरणचिन्हं, स्क्रिप्ट टॅग, वाकडेतिकडे पत्ते कोंबतो आणि सर्व्हर अडखळतो का, एरर ओकतो का, उत्तराला नेहमीपेक्षा पाच सेकंद जास्त लागतात का, एवढं पाहतो. तुमच्या बिलाच्या बाबतीत काहीच अडखळलं नाही. रिक्वेस्ट नीट होती, लॉगिन खरं होतं, उत्तर २००, म्हणजे 'सगळं ठीक', आलं, त्यातला जेसन (डेटा पाठवायचा साचा) व्यवस्थित होता. फक्त ते बिल साताऱ्याच्या दुकानाचं आणि लॉगिन बारामतीच्या दुकानदाराचं. हे नातं तुमच्या धंद्याच्या नियमांत आहे, ते स्कॅनरला कुणी सांगितलेलंच नाही.

कोड रिव्ह्यूतही हे सुटतं, कारण रिव्ह्यू करणारा लिहिलेल्या ओळी वाचतो आणि इथे चूक आहे ती न लिहिलेल्या ओळीत. मुळात तिकिटावरच लिहिलेलं असतं, 'दुकानदाराला आपलं बिल बघता यावं'. डेव्हलपर ते बनवतो, टेस्टर आपलंच बिल उघडून बघतो, तिकीट बंद. दुसऱ्याचं बिल दिसू नये हे कुणाच्याच तिकिटावर नसतं. निसटणाऱ्या त्रुटींपैकी बहुतेक याच जातीच्या असतात. रिक्वेस्ट अगदी वैध असते, पण ती चुकीच्या माणसाने केलेली असते, चुकीच्या क्रमाने आलेली असते, एकाऐवजी वीसदा आलेली असते, किंवा विसरून गेलेल्या दाराने आलेली असते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०१७ च्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत कुणाला काय बघता येईल याचं फसलेलं नियंत्रण, म्हणजे अ‍ॅक्सेस कंट्रोल पाचव्या क्रमांकावर होतं, २०२१ मध्ये ते पहिल्यावर गेलं. एपीआयच्या (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या दारांच्या) वेगळ्या यादीत, २०१९ मध्येही आणि २०२३ मध्येही, पहिला क्रमांक तुमच्या ग्राहकाला जे सापडलं त्यालाच आहे.

त्या प्रकाराला, म्हणजे आयडी बदलून दुसऱ्याची वस्तू उघडण्याला, आपल्या क्षेत्रात आयडॉर (इनसिक्युअर डायरेक्ट ऑब्जेक्ट रेफरन्स) म्हणतात, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण तुमच्याकडे तो एकाच जागी असण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे.

हा प्रकार जुना आहे आणि मोठ्यांनाही सुटत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिटीग्रुपच्या क्रेडिट कार्डाच्या साइटवर चोरांनी एका खात्यातून लॉगिन केलं आणि पत्त्यातले खाते क्रमांक बदलत गेले. ३ लाख ६० हजारांहून जास्त खाती उघडी पडली. २०१७ मध्ये आपल्याकडे मॅकडोनल्ड्सच्या मॅकडिलिव्हरी अ‍ॅपमधून सुमारे २२ लाख ग्राहकांची नावं, फोन नंबर, घरचे पत्ते बाहेर येऊ शकत होते, कारण एपीआय लॉगिन विचारत नव्हता आणि ग्राहकांचे आयडी ओळीने लावलेले पूर्णांक होते. २०१९ मध्ये फर्स्ट अमेरिकन या अमेरिकी टायटल इन्शुरन्स (मालमत्तेच्या मालकी हक्काचा विमा) कंपनीची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं, २००३ पासूनची, लिंकमधला आकडा बदलून कुणालाही वाचता येत होती. लॉगिनही लागत नव्हतं. त्यात लोकांचे बँक खाते क्रमांक, गृहकर्जाचे कागद, सोशल सिक्युरिटी नंबर. या शेवटच्या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: कंपनीच्या स्वतःच्या सुरक्षा विभागाला हे भोक काही महिने आधीच, जानेवारीत, सापडलं होतं. ते बुजवलं गेलं नाही आणि वरच्यांपर्यंत पोहोचलंही नाही.

आता तुमच्या कोडमध्ये बिलाच्या पानावर एक 'इफ' टाकून मोकळे व्हाल, तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे सापडेल. कुठे कुठे बघायचं ते सांगतो.

बिलाचं पान सुरक्षित केलं, पण त्याच बिलाची पीडीएफ देणारा एंडपॉइंट (सर्व्हरवरचा ठरावीक पत्ता) वेगळा असतो आणि तो बहुधा वेगळ्या माणसाने वेगळ्या वर्षी लिहिलेला असतो. एक्सेल एक्स्पोर्टचं तसंच: विनंती रांगेत पडते, मागचा वर्कर ती उचलतो, आणि वर्करला 'कोण विचारतंय' हे माहीतच नसतं; तो सगळ्या डेटाबेसचा मालक असल्यासारखा काम करतो. तयार झालेली फाइल क्लाउडवरच्या एखाद्या बकेटमध्ये जाते, तिची लिंक ईमेलने जाते. ती लिंक किती दिवस चालते? लॉगिनशिवाय चालते का? फाइलच्या नावात दुकानाचा आयडी आणि तारीख एवढंच आहे का? हे तिन्ही प्रश्न आजच विचारून बघा.

आतला आयडी हा सर्वांत फसवा प्रकार. पत्त्यात आधी बिलाचा आयडी आणि मग त्याला जोडलेल्या फाइलचा आयडी, असे दोन आकडे असतात. कोड प्रामाणिकपणे तपासतो की बिल माझं आहे. आहेच. मग फाइल थेट तिच्या आयडीवरून काढतो, ती त्याच बिलाची आहे का हे न बघता. म्हणजे बिल माझं द्यायचं, फाइल तुमची घ्यायची. अनुभवी लोकांच्या कोडमध्येही हे सापडतं, कारण तपासणीची ओळ तिथे दिसत असते आणि डोळा पुढे सरकतो.

तिसरं, लिहिण्याच्या बाजूने वाचणं. नवी ऑर्डर टाकताना फॉर्म डिलिव्हरीच्या पत्त्याचा आयडी पाठवतो. मी दुसऱ्याच्या पत्त्याचा आयडी पाठवला. ऑर्डर माझी, म्हणून सर्व्हरने ती स्वीकारली, आणि 'ऑर्डर नोंदवली, या पत्त्यावर येईल' असं म्हणून त्या अनोळखी माणसाचा पूर्ण पत्ता मला छापून दिला. पत्ते वाचण्याचा एंडपॉइंट कितीही कडेकोट असला तरी इथे उपयोग नाही.

शिवाय शोधाची खिडकी: ग्राहकाचं नाव टाइप करताना सुचवण्या येतात, त्या ज्या इंडेक्समधून येतात त्यात सगळ्या दुकानांचा माल एकत्र असतो आणि दुकानाचा फिल्टर लावायचा राहून जातो. ग्राफक्यूएल (एकाच विनंतीत जोडलेला डेटा मागायची भाषा) वापरत असाल तर बिलावरून ग्राहकावर, ग्राहकावरून त्याच्या इतर बिलांवर असं साखळीने जाता येतं का बघा. आणि अ‍ॅडमिनचा मेनू रिअ‍ॅक्टमध्ये लपवला म्हणजे अ‍ॅडमिनचा एंडपॉइंट बंद झाला असं होत नाही, हे सांगायला नको. पण मी दर वर्षी सांगतोच.

यावर टीममधून हमखास येणारा उपाय म्हणजे 'आकड्यांच्या जागी यूयूआयडी (लांबलचक, क्रम नसलेले आयडी) टाकू'. टाका, वाईट नाही, अंदाज बांधणं अवघड होतं. पण आयडी हे गुपित नसतं. ते दुसऱ्या एखाद्या एपीआयच्या उत्तरात येतं, लॉगमध्ये येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलेल्या लिंकमध्ये येतं, नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या ब्राउझर हिस्टरीत राहतं. शिवाय आवृत्ती १ चे यूयूआयडी वेळ आणि मशीन यांवरून बनतात, त्यामुळे ते वाटतात तितके अंदाजापलीकडचे नसतात. यूयूआयडीने हल्ल्याचा वेग कमी होतो. परवानगीचा प्रश्न तसाच राहतो.

खरा उपाय क्वेरीत आहे. 'या आयडीचं बिल शोध' असं लिहायचंच नाही. 'या दुकानाच्या बिलांमधून या आयडीचं शोध' असं लिहायचं, आणि दुकान कोणतं हे सेशनमधून घ्यायचं, रिक्वेस्टमधून कधीच नाही. न सापडल्यास ४०४; '४०३, परवानगी नाही' असं उत्तर दिलंत तर असं बिल अस्तित्वात आहे हे तुम्हीच सांगितलंत. पोस्टग्रेस डेटाबेस वापरत असाल तर रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे डेटाबेसनेच ठरवणं) दुसरी भिंत म्हणून जरूर उभी करा, पण दोन खाचाखोचा लक्षात ठेवा. टेबलाचा मालक असलेल्या युजरला ती धोरणं लागूच होत नाहीत, 'फोर्स' लावल्याशिवाय. आणि बहुतेक अ‍ॅप्लिकेशनं मालकाच्याच नावाने जोडलेली असतात. दुसरं, कनेक्शन पूलमध्ये आधीच्या रिक्वेस्टचा दुकान आयडी तसाच राहून पुढच्याला मिळू शकतो, म्हणून तो डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनच्या आत, 'सेट लोकल'नेच ठेवायचा.

आता विसरलेली दारं. ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या टेलिकॉम कंपनीतून सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे ९५ लाख लोकांची माहिती गेली. तिथल्या दूरसंचार नियामकाने कोर्टात मांडलं आहे ते असं: २०१८ मध्ये कोड बदलताना एपीआयवरचं अ‍ॅक्सेस कंट्रोल बिघडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीच्या लक्षात आलं आणि मुख्य डोमेनवर ते दुरुस्तही झालं. पण तोच एपीआय आणखी एका डोमेनवर लटकत होता, इंटरनेटवर उघडा आणि कुणी वापरत नसलेला. तिकडे दुरुस्ती गेलीच नाही. हल्लेखोराला फार हुशारी लागली नाही, असं नियामकाचंच म्हणणं आहे. त्याआधी २०१६ मध्ये आनंद प्रकाश या भारतीय संशोधकाने फेसबुकच्या बाबतीत हेच दाखवलं होतं. पासवर्ड विसरल्यावर येणारा सहा आकडी कोड मुख्य साइटवर दहा-बारा चुकीच्या प्रयत्नांनंतर अडवला जायचा. बीटा सबडोमेनवर मात्र ती मर्यादाच नव्हती. म्हणजे कुणाचंही खातं. त्यांना १५ हजार डॉलर बक्षीस मिळालं.

तुमच्याकडे ही दारं कोणती असतील याचा अंदाज सांगतो: जुन्या अँड्रॉइड अ‍ॅपसाठी जिवंत ठेवलेली एपीआयची पहिली आवृत्ती, एका मोठ्या ग्राहकाला डेमो द्यायला उभारलेलं आणि खऱ्या डेटाची प्रत घेतलेलं स्टेजिंग (चाचणीचा सर्व्हर), टॅलीशी जोडणी करून देणाऱ्या मुलाने बनवलेला एखादा एंडपॉइंट, ज्याला एकच चावी आहे आणि ती चावी गेली चार वर्षं बदललेली नाही. बिलाची दुरुस्ती करताना ती या प्रत्येक जागी गेली का, हे नावं लिहून तपासा. 'कोड तोच आहे' या वाक्यावर विसंबू नका, डिप्लॉय वेगळं असतं.

उत्तरात जास्तीचं जाणं आणि विनंतीत जास्तीचं येणं, ही एकाच आळसाची दोन तोंडं. डेटाबेसमधली अख्खी ओळ जेसन करून पाठवली की स्क्रीनवर नाव आणि शहर दिसतं, पण ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पॅन, खरेदी किंमत, पासवर्डचा हॅशसुद्धा दिसतो. आपल्याकडचा खास नमुना म्हणजे ओटीपी पाठवणाऱ्या एंडपॉइंटच्या उत्तरातच ओटीपी असणं. टेस्टिंगच्या वेळी एसएमएसचे पैसे वाचवायला कुणीतरी टाकलेलं असतं, काढायचं राहतं. याला शोधायला कोणतंही टूल लागत नाही, एफ१२ दाबायला लागतं.

उलट बाजूचा प्रसिद्ध दाखला गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्ह या रशियन तरुणाने रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या लोकांना सांगून पाहिलं की फॉर्ममधून आलेली सगळी फील्डं जशीच्या तशी मॉडेलमध्ये ओतण्याची डीफॉल्ट सवय धोक्याची आहे. ते फार कुणी मनावर घेतलं नाही. मग त्याने गिटहबच्या, म्हणजे रेल्सवरच चालणाऱ्या साइटच्या, सार्वजनिक चावी भरायच्या फॉर्ममध्ये एक जादा फील्ड घालून आपली चावी रेल्स प्रकल्पाच्या खात्याला जोडली आणि थेट रेल्सच्या मुख्य रेपॉझिटरीत कमिट टाकून दाखवला. पुढे रेल्स ४ मध्ये कोणती फील्डं घ्यायची ते स्पष्ट सांगणं सक्तीचं झालं. तुमच्या प्रोफाइल अपडेटच्या रिक्वेस्टमध्ये 'रोल: अ‍ॅडमिन' किंवा 'प्लॅन: प्रीमियम' असं एक फील्ड वाढवून पाठवा आणि पुन्हा लॉगिन करून बघा. नोड आणि लाराव्हेलमध्येही हा अपघात तितक्याच सहज होतो.

पैशांशी संबंध असेल तिथे क्रम आणि वेळ यांचा विचार करावाच लागतो, आणि तो जवळजवळ कुणी करत नाही. कूपन वापरलं आहे का बघा, नसेल तर सूट द्या, मग वापरलं अशी खूण करा. या तीन पायऱ्यांच्या मधल्या फटीत तीच रिक्वेस्ट वीसदा शिरली तर वीसही जणींना 'वापरलेलं नाही' असंच दिसतं. मार्च २०१४ मध्ये फ्लेक्सकॉइन ही बिटकॉइन सांभाळणारी सेवा याच फटीने बंद पडली: एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम हलवण्याच्या हजारो विनंत्या एकदम पाठवून, शिल्लक अपडेट व्हायच्या आत तीच नाणी पुन्हा पुन्हा हलवली गेली, आणि ८९६ बिटकॉइन गेले. 'नेटवर्कच्या उशिरामुळे इतकं अचूक कुणाला जमणार' हा दिलासा आता उरलेला नाही. २०२३ मध्ये सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी दाखवलं की एचटीटीपी/२ वर वीस-तीस रिक्वेस्टींचा शेवटचा तुकडा एकाच पॅकेटमधून पाठवता येतो. त्या सर्व्हरवर जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतात. बर्प सूट या वेब तपासणीच्या टूलमध्ये हे बटणासारखं मिळतं.

उपाय कोडमधल्या कुलपांपेक्षा डेटाबेसमध्ये शोधा. आधी वाचून मग लिहू नका. 'शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर' असं एकाच अपडेटमध्ये म्हणा आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य असेल तर नकार. कूपन आणि ग्राहक यांच्या जोडीवर युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच झिडकारेल.

पेमेंटबद्दल एवढंच: ग्राहक गेटवेवरून परत तुमच्या 'यशस्वी' पानावर आला हा पैसे मिळाल्याचा पुरावा नाही. गेटवेची सही सर्व्हरवर पडताळा, हे बहुतेक जण करतात. पण सही खरी असूनही ती दुसऱ्याच ऑर्डरची असू शकते. मी एक रुपयाची ऑर्डर खरोखर भरतो, तिची अस्सल सही घेतो आणि दहा हजारांच्या ऑर्डरसोबत पाठवतो. म्हणून सहीबरोबर ऑर्डर क्रमांक आणि रक्कम तुमच्या नोंदीशी जुळते का हे बघितलं पाहिजे, आणि एक पेमेंट आयडी एकदाच खपला पाहिजे.

ओटीपीच्या बाबतीत मर्यादा असते, पण ती आयपी पत्त्यावर असते. सहा आकड्यांचे दहा लाख पर्याय होतात. २०१९ मध्ये चेन्नईच्या लक्ष्मण मुथय्या यांनी इन्स्टाग्रामच्या रिकव्हरी कोडवर हजार वेगवेगळ्या आयपींवरून दोन लाख प्रयत्न अडथळ्याविना पाठवून दाखवले. क्लाउडवर आणखी मशीनं भाड्याने घेतली तर पूर्ण दहा लाखांचा खर्च सुमारे १५० डॉलर येतो, असा त्यांचा हिशोब होता. बक्षीस ३० हजार डॉलर. तेव्हा मोजणी खात्यावर ठेवा, आयपीवर वेगळी, आणि पाच चुकांनंतर तो ओटीपीच मारून टाका. अजून एक, जे मला ऑडिटमध्ये सर्रास दिसतं: पहिल्या पायरीत माझ्या नंबरवर ओटीपी घेतला, दुसऱ्या पायरीत तो पडताळला, आणि तिसऱ्या पायरीत 'नवा पासवर्ड ठेवा' या रिक्वेस्टमध्ये मोबाइल नंबर पुन्हा फॉर्ममधूनच जातो. तिथे तुमचा नंबर टाकला की पासवर्ड तुमचा बदलतो. पडताळणी कोणत्या नंबरची, कोणत्या कामासाठी झाली, हे सर्व्हरने स्वतःजवळ धरून ठेवलं पाहिजे.

एसएसआरएफ (तुमच्या सर्व्हरलाच हवा तो पत्ता उघडायला लावणं) तुमच्या यादीत नसणार, कारण तुम्हाला वाटतं आपण कुठे दुसऱ्यांचे पत्ते उघडतो. 'लोगोची लिंक द्या' असं फील्ड आहे का? वेबहूक (काही घडलं की ग्राहकाने दिलेल्या पत्त्यावर आपोआप कळवणं) आहेत का? बिलाची पीडीएफ एचटीएमएलवरून बनते ना? मग दुकानाच्या नावात आयफ्रेमचा टॅग टाकून बघा. पीडीएफ बनवणारा ब्राउझर तो तुमच्या सर्व्हरवर, तुमच्या जाळ्याच्या आत बसून उघडतो. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेतून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांची माहिती गेली ती याच वाटेने: चुकीच्या मांडणीच्या फायरवॉलकरवी सर्व्हरला त्याच्याच क्लाउडच्या मेटाडेटा पत्त्यावर, १६९.२५४.१६९.२५४ वर, विचारायला लावलं आणि तिथून तात्पुरत्या चाव्या मिळाल्या. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला. अ‍ॅमेझॉनने (तो क्लाउड त्यांचाच) २०१९ च्याच नोव्हेंबरमध्ये मेटाडेटा सेवेची दुसरी, टोकन मागणारी आवृत्ती आणली; तुमच्या जुन्या मशीनवर पहिली अजून चालू आहे का ते बघा, असली तर बंद करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

सीडीएन (पानांच्या प्रती साठवून लवकर देणारी सेवा) लावला असेल तर एक चाचणी फुकटात होते. लॉगिन केलेल्या प्रोफाइल पानाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि काहीही डॉट सीएसएस लिहा. पान तेच उघडलं, तर खासगी खिडकीत लॉगिन न करता तोच पत्ता उघडा. तुमचं नाव तिथेही दिसलं, तर सीडीएनने ते पान स्टायलशीट समजून साठवलं आहे. संशोधक ओमर गिल यांनी २०१७ मध्ये पेपालवर हे दाखवलं होतं.

काय सोडून द्यायचं तेही सांगतो, कारण वेळ मर्यादित असतो. ऑडिट रिपोर्टातल्या 'सर्व्हरचा बॅनर दिसतो', 'अमुक हेडर नाही' अशा पिवळ्या ओळींवर मी टीमना पंधरा पंधरा दिवस घालवताना पाहिलं आहे. त्या मोजता येतात, रिपोर्टात छान दिसतात, बंद केल्याचा स्क्रीनशॉट देता येतो. करा, पण एका दुपारी करून टाका. त्या पंधरा दिवसांत एकाने दोन खाती उघडून सगळे एंडपॉइंट फिरवले असते तर जास्त मिळालं असतं.

तर पद्धत. एक तक्ता बनवा: उभ्या बाजूला प्रत्येक एंडपॉइंट, आडव्या बाजूला प्रत्येक प्रकारचा माणूस. लॉगिन नसलेला, दुकानाचा कारकून, दुकानाचा मालक, दुसऱ्या दुकानाचा मालक, तुमचा सपोर्टवाला, अ‍ॅडमिन. प्रत्येक चौकोनात हो किंवा नाही. एंडपॉइंटची यादी डॉक्युमेंटवरून घेऊ नका, राउटरवरून आणि सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगवरून घ्या. दोन्हींतला फरक हीच तुमच्या विसरलेल्या दारांची यादी. चौकोन भरताना भांडणं होतील, 'सपोर्टवाल्याला बिल खोडता यावं का' यावर कुणाचंच एकमत नसेल. ते भांडण होणं चांगलं, कारण तोपर्यंत तो निर्णय एखाद्या ज्युनिअरने नकळत घेतलेला असतो.

मग बर्पमध्ये ऑटोराइझ हे एक्स्टेंशन लावा. तुम्ही एका खात्याने नेहमीसारखं वापरत जाता, ते मागे प्रत्येक रिक्वेस्ट दुसऱ्या खात्याच्या टोकनने आणि टोकनशिवाय पुन्हा पाठवून उत्तरं ताडून दाखवतं. तुमच्या आकाराच्या अ‍ॅप्लिकेशनला दोन-तीन दिवस पुरावेत. जे सापडेल त्याची टेस्ट लिहून सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) ठेवा. नवा एंडपॉइंट तक्त्यात नसेल तर बिल्ड पडावं, इतकं कडक केलंत तरच ते टिकतं. टीममध्ये शिकणारे असतील तर पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे. वर सांगितलेल्या बहुतेक प्रकारांच्या प्रयोगशाळा तिथे आहेत.

पुढच्या ऑडिटची बोलणी करताना ऑडिटरला एक लिंक आणि एक लॉगिन देऊन मोकळे होऊ नका. दोन वेगळ्या दुकानांची, प्रत्येक रोलची खाती द्या, हा तक्ता द्या, मोबाइल अ‍ॅप आणि जुनी एपीआय कामाच्या कक्षेत लिहून घ्या. दर वाढेल. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम दिलंत तर मिळेल तो स्कॅनरचा रिपोर्ट, लेटरहेड बदललेला.

राहता राहिला तो ग्राहक आणि सध्याचं भोक. गुपचूप बुजवून विषय संपवू नका. आधी अ‍ॅक्सेस लॉगची प्रत बाजूला सुरक्षित ठेवा, कारण जुने लॉग आपोआप पुसले जात असतील. मग बघा की एकाच सेशनने ओळीने बिलं उघडली आहेत का, एखाद्याने आपल्या नेहमीच्या पाच-दहाऐवजी शेकडो बिलं वाचली आहेत का. लॉगमध्ये कोणत्या युजरने कोणत्या दुकानाचं बिल वाचलं हे एकत्र नोंदलं जात नसेल तर ते आजपासून सुरू करा. डेटा खरोखर गेल्याचं दिसलं तर सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, आणि १८० दिवसांचे लॉग ठेवणंही त्याच निर्देशांत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सहा तासांत वकील शोधत बसावं लागू नये म्हणून एकाशी आत्ताच बोलून ठेवा.

त्या ग्राहकाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलमांची आठवण करून देणारं पत्र पाठवायची सूचना कुणीतरी नक्की करेल. अजिबात पाठवू नका. फोन करा, आभार माना, त्याने नेमकं काय उघडलं ते विचारा, आणि दुरुस्ती झाल्यावर त्यालाच पुन्हा करून बघायला सांगा. जाता जाता साइटवर सुरक्षेच्या तक्रारींसाठी एक ईमेल पत्ता टाका, सिक्युरिटी डॉट टीएक्सटी या त्यासाठीच्या ठरलेल्या फाइलमध्येही. आणि तो पत्ता सपोर्टच्या तिकिटांत न जाता कोड कळणाऱ्या दोघांकडे जाईल असं बघा.